तळ्याचं पाणी आणि पोटातलं लेकरू



तळ्यात मासा मेला की आपण लगेच जमतो. फोटो काढतो, पंचायतीत जातो, तहसीलला अर्ज देतो, भरपाई मागतो. ते बरोबरच आहे, पोटाचा प्रश्न आहे. पण पाण्यातल्या विषाचं एक नुकसान असं आहे की ते काठावर तरंगत येत नाही. ते होतं आईच्या पोटातल्या आणि दोन-तीन वर्षांच्या लेकराच्या मेंदूचं. लेकरू दिसायला धडधाकट असतं. पुढं शाळेत पाढे ध्यानात राहत नाहीत, एका जागी बसवत नाही. मग आपण म्हणतो, "पोरगं मठ्ठ आहे." त्याच्या पाण्यात काय होतं हे कुणी विचारत नाही.

आमचं म्हणणं एवढंच आहे की तळ्याचं पाणी, बोअरचं पाणी आणि मासा तपासा, ही मागणी सगळ्यांच्या आधी मच्छीमारांनी करावी. यावर काही सभासद म्हणतील, "असं बोललं तर बाजारात आपला मासा कोण घेईल?" ही भीती खरी आहे, म्हणून तिच्याबद्दलच आधी बोलू.

जपानमध्ये मिनामाता नावाचं मच्छीमारांचं गाव आहे. तिथला एक रासायनिक कारखाना १९३२ पासून खाडीत सांडपाणी सोडत होता, त्यात पाऱ्याचं जहाल रूप होतं. चिखलातले जंतूही साध्या पाऱ्याचं असं जहाल रूप करतात. ते किड्यांत जातं, किड्यांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्या माशांत, आणि प्रत्येक पायरीला वाढत जातं. आधी मांजरं वेड्यासारखी नाचून मेली. मग १९५६ मध्ये दोन लहान बहिणींना चालता-बोलता येईना म्हणून दवाखान्यात आणलं, आणि रोग उघड झाला. पहिला फटका बसला तो मच्छीमारांच्या घरांना, कारण रोज मासा खाणारे तेच होते.

त्या वेळी डॉक्टर समजत होते की वार पोटातल्या बाळाला विषापासून वाचवते. मिनामातात उलटंच दिसलं. आईला फारसा त्रास नाही, पण जन्मलेलं लेकरू मान धरत नाही, बोलत नाही. १९६२ मध्ये डॉक्टरांनी मान्य केलं की विष आईकडून बाळाला पोटातच गेलं होतं. तिकडे बाळाची नाळ वाळवून जपून ठेवायची रीत आहे. त्या नाळा पुढे तपासल्या, तर त्यांतही पारा निघाला.

आता बाजाराची गोष्ट. मासा विकला जाणार नाही या भीतीने तिथल्याच लोकांनी आजारी माणसं लपवली, आजारी घरांना वाळीत टाकल्यासारखं केलं. १९५९ च्या डिसेंबरात कारखान्याने थोडे पैसे देऊन "पुढे काही मागणार नाही" असं लिहून घेतलं. पाणी शुद्ध करायचं म्हणून एक यंत्रही बसवलं, पण ते पारा काढतच नव्हतं. सांडपाणी १९६८ पर्यंत चालू राहिलं. तो करार कोर्टाने रद्द केला तो १९७३ मध्ये. म्हणजे गप्प बसून बाजार वाचला नाही, आणि मधल्या वर्षांत जन्मलेली लेकरं तर गेलीच.

कुणी म्हणेल, जपान कुठं आणि हुलसूर कुठं. मग जवळचं बघा. आपली मांजरा बीड जिल्ह्यातून निघते, लातूरकडून आपल्या बिदर जिल्ह्यात येते आणि पुढे तेलंगणात जाते. तिथे पाटणचेरूच्या कारखान्यांचं पाणी नक्कावागू नाल्यातून याच मांजरेत उतरत होतं. तिथल्या प्रदूषणाची केस १९९० मध्ये थेट सुप्रीम कोर्टात गेली. आणि आपल्याच भागात, पूर्वी गुलबर्ग्यात असलेल्या आणि आता यादगीर जिल्ह्यात गेलेल्या सुरपूर तालुक्यात किरदळ्ळी तांडा आहे. तिथे जुन्या सोन्याच्या खाणींच्या पट्ट्यात बोअरच्या पाण्यात आर्सेनिक निघालं, लोकांच्या कातडीवर डाग आणि चट्टे आले. पाणी दिसायला काचेसारखं होतं.

कातडीवरचे डाग दिसतात तरी. बांगलादेशात अराईहजार भागात दहा वर्षांच्या २०१ मुलांची परीक्षा घेतली. ज्यांच्या विहिरीत आर्सेनिक जास्त, त्यांची समज कमी भरली. हा अभ्यास २००४ मध्ये छापून आला. आपल्या देशाच्या मापाने लिटरभर पाण्यात आर्सेनिक आणि शिसं ०.०१ मिलिग्रॅमच्या वर नको, पारा तर ०.००१ च्या वर नको. एवढंसं विष ना चवीला लागतं ना डोळ्याला दिसतं.

लहानांनाच जास्त का बाधतं? मेंदूची घडण गरोदरपणाच्या तिसऱ्या आठवड्यातच सुरू होते आणि पहिल्या दोन वर्षांत सगळ्यात वेगाने होते. घर बांधताना पाया वाकडा पडला तर वरून गिलावा करून सरळ होत नाही, तसंच हे आहे. शिवाय वजनाच्या मानाने लेकरू मोठ्या माणसापेक्षा जास्त पाणी पितं. पोटात गेलेलं शिसं तर मोठ्यांपेक्षा चार-पाच पट जास्त अंगात ओढून घेतं.

काही गोष्टी आपल्या हातात आहेत, त्या आजपासून करू.

पाणी उकळलं की जंतू मरतात, हगवण टळते, म्हणून उकळा जरूर. पण आर्सेनिक, शिसं, फ्लोराइड, नायट्रेट उकळून जात नाही. पाणी आटलं की उलट घट्ट होतं. यासाठी तपासणीच लागते.

जाळ्याला लावायच्या गोळ्यांसाठी घरात, चुलीवर शिसं वितळवू नका. त्याची वाफ आणि धूळ लेकराच्या नाकातोंडात जाते. दक्षिण अमेरिकेत कोलंबिया देशातल्या कार्ताहेना शहरात मच्छीमार वस्तीतल्या मुलांच्या रक्तात शिसं जास्त निघालं, ते याच कामामुळे. हे काम घरापासून लांब, उघड्यावर करा. हात-पाय धुऊन, कपडे बदलून मगच लेकराला उचला. त्या गोळ्या पोरांना खेळायला देऊ नका.

शेतकरी भावांना हात जोडून सांगा की तूर-सोयाबीनवर फवारलेला पंप आणि औषधाचे डबे तळ्यात धुऊ नका. क्लोरपायरीफॉस हे औषध गरोदरपणी अंगात गेलं तर मुलाच्या बुद्धीवर परिणाम दिसतो, असं न्यूयॉर्कमधल्या २०११ च्या अभ्यासात आलं. २०२५ मध्ये जगभरच्या देशांनी काही सवलती ठेवून ते बंद करायचं ठरवलं आहे.

आणि मासा खाणं सोडू नका. घाबरून गरोदर बाईचा मासा बंद केला तर तेही नुकसानच, कारण बाळाच्या मेंदूला लागणारी चरबी माशातून मिळते. रोहू, कटला, मृगळ हे मासे शेवाळ, वनस्पती आणि बारीक जीव खातात, म्हणून त्यांच्यात पारा कमी साठतो. दुसरे मासे खाऊन वाढणाऱ्या जुन्या, मोठ्या मरळसारख्या माशात जास्त साठतो. गरोदर बाईच्या ताटात रोहू-कटला घाला. आणि ज्या तळ्यात कारखान्याचं पाणी येतं तिथला मासा तपासल्याशिवाय कुणालाच नको, मग तो कुठलाही असो.

आता मागणी. पंचायतीत पाणी तपासायचं किट असतं, गावातल्या बायकांना ते वापरायचं शिकवलेलंही असतं. पण त्यात सहसा फ्लोराइड, नायट्रेट, क्लोरीन अशाच गोष्टी कळतात. पारा, शिसं यांना मोठी प्रयोगशाळा लागते. म्हणून पंचायत, मत्स्य खातं आणि प्रदूषण मंडळ या तिघांकडे आपण एकच लेखी अर्ज करू या. त्यात लिहू की वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि नंतर, पाणी, तळाचा चिखल आणि मासा तिन्ही तपासा आणि निकाल मराठी-कन्नडमध्ये पंचायतीच्या फळ्यावर लावा. पुढच्या सर्वसाधारण सभेत हा ठराव आम्ही मांडणार आहोत. घरातल्या बायकांनी सभेला जरूर यावं. नऊ महिने पोटात वाढवतात त्या, तेव्हा पहिला शब्दही त्यांचाच.

निकाल चांगला आला तर तोच कागद बाजारात दाखवून आपला मासा दोन रुपये जास्तीने विकता येईल. वाईट आला तर आपल्याच लेकरांच्या आधी आपल्याला कळेल. दोन्हीकडून फायदा आपलाच आहे. मेलेल्या माशाची भरपाई मिळते, पुढच्या पावसात नवीन बोटुकली सोडता येते. लेकराच्या मेंदूची भरपाई कुठलंही खातं देत नाही. म्हणून मासा मरायची वाट न बघता अर्जावर सह्या करा. अंगठाही चालेल.