मावशी, घड्याळ काढून ठेव

गेल्या दिवाळीत माझा भाचा पुण्याहून साताऱ्याला आला होता. पाडव्याच्या सकाळी मी धावून आले, दारातच मनगटावरचं घड्याळ थांबवलं आणि चपलांच्या कपाटावर ठेवलेल्या वहीत घामेजल्या हातानं आकडा लिहू लागले. तो चहाचा कप घेऊन समोर उभा. म्हणाला, "मावशी, आता कशाला गं हे टायमिंग वगैरे? काढून ठेव ते घड्याळ. एन्जॉय कर ना."

हे सांगणाऱ्या मुलाच्या मनगटावरचं घड्याळ त्याची झोप मोजतं. आदल्या रात्री आपल्याला गाढ झोप किती मिनिटं लागली हे त्यानं मला न विचारता सांगितलं होतं.

मी त्याला काही बोलले नाही. सणाचा दिवस होता, आणि मुलगा खरंच मायेनं बोलत होता. पण ते वाक्य डोक्यातून जाईना, कारण ते त्याचं एकट्याचं नव्हतं. गेली काही वर्षं मी ते वेगवेगळ्या तोंडून ऐकते आहे. सकाळी भेटणारे ओळखीचे लोक, धावणाऱ्यांच्या ग्रुपमधली मुलं-मुली, एकदा एक डॉक्टर. सगळ्यांचं म्हणणं एकच: तुमच्या वयात धावता हेच खूप झालं, वेळेचं काय घेऊन बसलात?

मला वाटतं हे म्हणणं चुकीचं आहे. आणि त्यातली माया बाजूला केली, तर थोडं अपमानाचंही आहे.

आधी माझी ओळख. वय ६१. एका सहकारी बँकेत ३३ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी काउंटरवर. संध्याकाळी रोख जुळल्याशिवाय घरी जायचं नाही, ही सवय अंगात मुरलेली. धावायला लागले २०१३ साली, वयाच्या ४९ व्या वर्षी. त्याच्या आदल्या वर्षी आमच्या गावात सातारा हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली होती आणि यवतेश्वरच्या घाटातून माणसं हौसेनं पळतात हे मी पहिल्यांदा पाहिलं. तोपर्यंत घाट चढायचा तो गाडीनं, नाहीतर नवस बोलला असेल तर चालत, अशी माझी समजूत होती. मी दोनदा त्या शर्यतीत उतरले. आता शर्यतींना जात नाही. गर्दी आणि लाउडस्पीकर दोन्ही सोसत नाहीत.

एकटीच धावते. घरापासून समर्थ मंदिरावरून घाटातल्या एका वळणाच्या कठड्यापर्यंत साडेतीन किलोमीटर, तिथं कठड्याला हात लावायचा आणि परत. एकूण सात. साधं आकडे दाखवणारं घड्याळ आहे, जीपीएस नाही. भाच्याचं घड्याळ एकदा लावून बघितलं होतं. घाटाच्या वळणांवर त्यानं मला दोनदा दरीतून पळवलं. कठडा मात्र जागचा हलत नाही. वहीत तारीख, वेळ, हवा आणि एखादी ओळ. पावसाळ्यात "धुकं, पाच फुटांवरचं दिसत नाही". सप्टेंबरातल्या शनिवार-रविवारी पान कोरं, कारण कासची फुलं बघायला निघालेल्या गाड्यांच्या धुरात धावण्याची माझी इच्छा नाही.

माझी सर्वांत चांगली वेळ २०१७ ची आहे: ५० मिनिटं १२ सेकंद. ती आता परत येणार नाही, हे मला तुमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. वयाबरोबर हृदयाचे जास्तीत जास्त ठोके कमी होतात, स्नायू झिजतात, छातीचा भाता लहान होतो. रोज नेमानं धावलं तर ही उतरण थोडी संथ होते, थांबत मात्र कुणाचीच नाही. तेव्हा "म्हातारी अजून रेकॉर्डच्या मागे आहे" असं कुणाला वाटत असेल तर ते मनातून काढून टाका.

मग आकडा कशाला?

एक प्रसंग सांगते. काही वर्षांपूर्वी एका हाफ मॅरेथॉनच्या शेवटच्या रेषेवर मी आणि एक तिशीतला मुलगा जवळजवळ बरोबरच पोचलो. तिथं उभ्या असलेल्या मुलीनं माझ्या गळ्यात मेडल घातलं, "काकू, या वयातसुद्धा! इन्स्पिरेशन आहात!" म्हणत माझ्यासोबत सेल्फी काढला आणि मग त्या मुलाकडे वळून विचारलं, "किती टायमिंग आलं?" मला तिनं विचारलं नाही. ती वाईट मुलगी नव्हती. तिला ते सुचलंच नाही. त्याच्या धावण्यात काहीतरी घडलेलं असू शकतं, चांगलं किंवा वाईट, असं तिनं धरून चाललं होतं. माझ्या धावण्यात मी तिथं असणं एवढंच घडलेलं होतं. मी साडेतीन तासांत आले असते तरी तोच सेल्फी, तेच वाक्य.

सरसकट मिळणाऱ्या कौतुकाची गंमत अशी असते की ते तुमच्याकडे न बघताच देता येतं. बालवाडीत सगळ्याच मुलांच्या वहीत ताई "छान" लिहून चांदणी काढतात, तसं. चार वर्षांच्या मुलाला ते हवंही असतं. मी आयुष्यभर हिशेब तपासलेली बाई आहे. माझ्या कामात चूक निघू शकते हे ज्यानं धरून चाललं, त्यानंच मला कामाचं मानलं, असा माझा अनुभव आहे. एकट्यानं धावणाऱ्या म्हाताऱ्या माणसाशी असं वागणारं आसपास कुणी उरत नाही. कोच नसतो. स्पर्धक नसतात. घरचे "जपून" म्हणतात. राहतं एक घड्याळ, ज्याला माझं वय माहीत नाही.

मन कौर हे नाव तुम्ही कदाचित रील्समध्ये पाहिलं असेल. चंदीगडच्या या बाईंनी नव्वदी ओलांडल्यावर धावायला सुरुवात केली आणि २०१७ साली ऑकलंडच्या जागतिक मास्टर्स स्पर्धेत, वयाची शंभरी पार केलेली असताना, १०० मीटर धावून सुवर्णपदक घेतलं. त्या वयोगटात त्या एकट्याच होत्या. म्हणजे पदक तर रेषेवर उभं राहतानाच ठरलेलं. तरीही तो धावण्याचा प्रसंग होता, ओवाळणीचा नव्हे, याचं कारण तिथं कुणीतरी घड्याळ लावून उभं होतं. ७४ सेकंद. तो आकडा काढून घेतला तर एक आजी मैदानावर हसत हसत गेली, इतकंच उरतं. आपण रील्समध्ये नेमकं तेवढंच ठेवतो.

दुसरा माणूस कॅनडातला, एड व्हिटलॉक. सराव बहुतेक एकट्याचा, कोच नाही, जुने झिजलेले बूट, आणि धावायची जागा म्हणजे घराजवळची दफनभूमी. तिथं तासन् तास फेऱ्या. सरावात मजा येते असा आव त्यानं कधी आणला नाही. ते कंटाळवाणं काम आहे, मला शर्यती आणि रेकॉर्ड आवडतात, असं तो सरळ सांगायचा. २००४ मध्ये ७३ व्या वर्षी त्यानं मॅरेथॉन २ तास ५४ मिनिटांत पूर्ण केली. २०१६ मध्ये ८५ व्या वर्षी ३ तास ५६ मिनिटांत. बारा वर्षांत तासाभरानं मागे आला, आणि तरी दोन्ही वेळा आकडा त्याला हवाच होता. पुढच्या मार्चमध्ये तो गेला. त्याला जाऊन कुणी सांगायला हवं होतं, की काका, घड्याळ काढा, एन्जॉय करा.

हल्ली जगभर हवा अशी आहे की आकड्यांमुळे सामान्य माणसं बिचकतात, म्हणून आकडे दृष्टिआड करा. ब्रिटनमधून पसरलेल्या पार्करननं २०२४ च्या फेब्रुवारीत आपल्या वेबसाइटवरचे वेगाचे रेकॉर्ड काढून टाकले, ते याच विचारानं. प्रत्येकाची स्वतःची वेळ मात्र त्यांनी ठेवली, आणि ते बरं केलं. हा उपक्रम २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कात १३ धावणाऱ्यांनिशी सुरू झाला तेव्हा त्याचं नावच "टाइम ट्रायल" होतं. नव्या माणसाला भीती वाटू नये हे मला मान्य आहे. पण बिचकणारा नवखा आणि बारा वर्षं धावणारी म्हातारी यांना एकच औषध का?

आता वयानुसार गुणांकन करायची पद्धतही आहे. तुमच्या वयातल्या आणि लिंगाच्या सर्वोत्तम वेळेच्या तुलनेत तुम्ही किती टक्के, असं ते सांगतं. हिशेब म्हणून चोख आहे. मला मात्र ते ज्येष्ठ नागरिकांच्या तिकिटासारखं वाटतं. रेल्वेनं ती सवलत २०२० मध्ये बंद केली, धावण्यात अजून चालू आहे. ज्यांना आवडते त्यांनी घ्यावी. मी पूर्ण तिकीट काढते आणि मग गेल्या महिन्यातल्या स्वतःशी ताडून बघते.

आता माझ्या विरुद्ध जाणारी गोष्ट. ती न सांगता हा लेख पुरा केला तर वहीत खोटी नोंद केल्यासारखं होईल.

२०२२ मध्ये मी निवृत्त झाले, आणि त्याच सुमाराला उजवा गुडघा दुखू लागला. वेळ ५७ मिनिटांच्या आसपास होती, ती साठच्या वर जाऊ द्यायची नव्हती. मेडिकलमधून दुखण्याची गोळी आणली. आधी आठवड्यातून एकदा, मग धावायच्या प्रत्येक दिवशी, उपाशीपोटी. वहीत गोळीची नोंद केली नाही. हवेची केली, वाऱ्याची केली, गोळीची नाही. डिसेंबरात ५७:२० आले. खूश होते.

जानेवारीत ६०. फेब्रुवारीत ६३. मार्चच्या मध्यावर ६५:५०, आणि त्या दिवशी चढावर मी दोनदा थांबले, जे आधी कधी झालं नव्हतं. गुडघा दुखत नव्हता. दम लागत होता. पोटात जळजळ होती, शौचाला काळं होत होतं, ते मी खाण्यावर ढकललं. एका डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तदाब पाहिला, वय विचारलं आणि हसून म्हणाले, "अहो ५९ म्हणजे आता हे होणारच. पळणं सोडा, चाला. एन्जॉय करा." तेच वाक्य.

घरच्यांना ते पटलं. मलाही अर्धं पटलं. घरी येऊन वही उघडली नसती तर पूर्ण पटलं असतं. २०१७ ते २०२२ या पाच वर्षांत मिळून माझी वेळ सात मिनिटांनी वाढली होती. आणि आता तीन महिन्यांत साडेआठ. वय असं येत नाही. वही घेऊन दुसऱ्या डॉक्टर बाईंकडे गेले. त्यांनी पानं उलटली, खालची पापणी ओढून बघितली आणि विचारलं, "गोळ्या कुठल्या घेता?" हिमोग्लोबिन ८.४ निघालं. दुर्बिणीतून तपासणी झाली. जठरात व्रण, त्यातून हळूहळू रक्त जात होतं. आणखी महिनाभर "वयामुळे" म्हणत बसले असते तर काय झालं असतं, हे त्या बाईंनी मला स्पष्ट शब्दांत सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

भाचा हे ऐकून म्हणाला, "बघ, घड्याळामुळेच झालं ना?" हो. गोळी मी आकड्यासाठीच घेतली. ते नाकारणार नाही, आणि तुमच्यापैकी जे दुखणं दाबून धावतात त्यांना हे माहीत असावं म्हणूनच सांगते आहे. पण बँकेत एखाद्यानं खोटी नोंद केली तर आम्ही खतावणी जाळत नाही. घड्याळानं मला गोळी घ्यायला सांगितलं नव्हतं. मी त्याच्याशी खोटं बोलले, आणि मी खोटं बोलते आहे हे तीन महिन्यांत उघडं पाडलं तेही त्यानंच. माझ्या शरीरात काहीतरी बिघडलंय हे ओळखणारा दुसरा कोण होता? "काकू, मस्त!" म्हणून अंगठा दाखवत पुढे जाणारी मुलं? मी ५७ मध्ये जातेय की ६६ मध्ये, हे त्यांना कळायचं काही कारणच नव्हतं.

"या वयात होणारच" हे वाक्य फार सोयीचं आहे. दुखणं, थकवा, विसरणं, सगळं त्यात मावतं. तुमच्या घरातल्या साठीच्या माणसाकडे मोजायला काही नसेल, तर त्याच्या बाबतीत ते वाक्य कधी खरं आणि कधी खोटं हे तुम्ही कसं ठरवणार? धावणंच हवं असं नाही. माझ्या शेजारच्या आजोबांना अजिंक्यतारा चढायला किती वेळ लागतो हे ते पाठ सांगतात. लोक त्यांना हसतात.

आणि मजेबद्दल. आकडा पाहणारा माणूस मजा करत नाही हे कुणी ठरवलं? चढ संपतो तिथं उजवीकडे खाली सातारा दिसतं, थंडीत त्यावर धुराचा पातळ थर असतो, ते मी रोज बघते. घड्याळ चालूच असतं. माझ्या आयुष्यातला बराचसा वेळ डबे, शाळा, सासूबाईंची औषधं आणि बँकेचं शटर यांनी वाटून घेतला. ती माझी माणसं होती, तक्रार नाही. पण वेळ वाटली गेली तेव्हा ती कुणी मोजली नव्हती. आता सकाळची ही तासाभराची वेळ माझी एकटीची आहे, आणि ती मला सेकंदापर्यंत माहीत असावी असं वाटतं. यात हौसेच्या पलीकडचं काही असेलही. मला ते नीट सांगता येत नाही.

उपचारांनंतर पुन्हा सुरुवात केली तेव्हा पहिल्या दिवशी ७१ मिनिटं लागली. २०२३ च्या नोव्हेंबरात ५८:३० वर आले. गुडघ्यासाठी आता व्यायाम करते, दुखला तर धावत नाही, आणि वहीत औषधांचा वेगळा रकाना आखला आहे.

काल ५९:४८. वारा समोरून. येताना समर्थ मंदिरापाशी म्हशी रस्ता ओलांडत होत्या, बारा सेकंद थांबले. ते वजा केलेले नाहीत.