आमच्या मळीचीही फ्लोशीट काढा

प्रति,
फॉसी प्रकल्प,
आयआयटी मुंबई, पवई.



चुडावा हे पूर्णा आणि नांदेड यांच्या मधलं आमचं गाव, परभणी जिल्ह्याच्या पार कडेला. इथलं पोरगं केमिकल इंजिनिअरिंगला गेलं तर बहुधा नांदेडला, विष्णुपुरीच्या श्री गुरू गोविंदसिंगजी संस्थेत जातं. नाहीतर जालन्याला, आयसीटीच्या मराठवाडा केंद्रात. गव्हाण्यांची ‘युनिट ऑपरेशन्स’ पाठ होते, मॅककेब-थीलच्या आलेखावर पेन्सिलीने पायऱ्या काढून होतात. मग संगणकावर अख्खा प्लांट उभा करायची वेळ येते आणि तिथे गाडी अडते. अ‍ॅस्पेन, हायसिस या सिम्युलेटरांचे परवाने लॅबच्या दारापर्यंतच. सुट्टीत घरी आलेल्या पोराच्या हाती काय, तर पेनड्राइव्हवरून आलेली चोरीची कॉपी. बायोडाटात ते कौशल्य म्हणून लिहायचं आणि कुठे शिकलास असं विचारलं की गप्प बसायचं.

म्हणून तुम्ही डीडब्ल्यूसिम उचलून धरलंत याचं मोल आम्हाला जास्त. डॅनियल वॅग्नर या ब्राझीलच्या इंजिनिअरने लिहिलेला हा सिम्युलेटर फुकट आहे, त्याचा कोडही खुला आहे, आणि तो साध्या लॅपटॉपवर चालतो. तुमच्याच संस्थेच्या स्पोकन ट्युटोरियलची रीतही खेड्याला मानवणारी आहे : अर्ध्या पडद्यावर दहाएक मिनिटांचा पाठ, उरलेल्या अर्ध्यावर आपण करून बघायचं. मास्तर नसला तरी अडत नाही.

मागणं एकच आहे. आमच्या भागातला प्लांट शिकवा, आणि मराठीतून शिकवा.

पुस्तकं उघडा, पाठ उघडा, ऊर्ध्वपातन म्हटलं की बेंझीन-टोल्युईन. नांदेड-परभणीच्या पोराने बेंझीन कधी पाहिलेलं नसतं. मळीचे टँकर मात्र लहानपणापासून पाहिलेले असतात. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत ही मळी पातळ करून यीस्टने आंबवतात. या आंबवणात, म्हणजे वॉशमध्ये, दहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल येतं, मग ऊर्ध्वपातनाचा कॉलम. आता पोराने इथेनॉल-पाणी घेतलं आणि प्रॉपर्टी पॅकेज म्हणून, म्हणजे मिश्रणाचं वागणं मोजायचं सूत्र म्हणून, राउल्ट्स लॉ ठेवलं, तर ट्रे वाढवत नेले की ९९ टक्क्यांच्या वरचं इथेनॉल स्क्रीनवर मिळतं. एकही एरर नाही. पोरगं खूश, परीक्षकही खूश.

आणि उत्तर साफ खोटं! वजनाने साधारण ९५.६ टक्क्यांवर, ७८.२ अंश सेल्सिअसला, वाफेतलं आणि द्रवातलं प्रमाण सारखंच होतं. पुढे आणखी शंभर ट्रे लावा, काही हलत नाही. एनआरटीएल हे पॅकेज निवडलं तर हा अडसर लगेच दिसतो. पेट्रोलमध्ये मिसळायचं इथेनॉल जवळपास निर्जळ लागतं, म्हणून कारखान्यात शेवटी मॉलिक्युलर सीव्हचे टॉवर असतात. ३ अँगस्ट्रॉमच्या छिद्रात पाणी शिरतं, इथेनॉल बाहेर राहतं. हा अडसर स्क्रीनवर पाहिला की ते टॉवर कशासाठी उभे आहेत, हे न सांगता कळतं. उलट बेंझीन-टोल्युईन ही भलतीच गुणी जोडी. कुठलंही पॅकेज लावा, उत्तर बरोबरच्या आसपास येतं. त्यामुळे पॅकेज विचार करून का निवडायचं, हा प्रश्नच पोराला पडत नाही.

सिम्युलेटर काय करत नाही, यावरही एक पाठ हवा. फ्लोशीट जुळली की प्लांटचं डिझाइन झालं, अशी समजूत असते. पाइपचा आधार, सेफ्टी व्हॉल्व्हचं माप, धोक्यांची हॅझॉप तपासणी, हे सगळं त्याच्या पुढेच असतं. १९७४ साली इंग्लंडात फ्लिक्सबरोच्या रासायनिक कारखान्यात एक रिअ‍ॅक्टर वगळून तात्पुरता पाइप जोडला होता. त्याचं ड्रॉइंग म्हणजे वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने मारलेल्या रेघा. तो पाइप निखळला, स्फोट झाला आणि २८ माणसं गेली.

तुमच्या फ्लोशीटिंग प्रकल्पात मुलं फ्लोशीट करून पाठवतात, तपासणी होते, मानधन आणि प्रमाणपत्र मिळतं, फाइल सगळ्यांना खुली होते. याच प्रकल्पात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या फ्लोशीटचा एक संच मागवा : डिस्टिलरी, रस आटवणारे इव्हॅपोरेटर, बॉयलरची वाफ, डिस्टिलरीचं सांडपाणी म्हणजे स्पेंट वॉश. सोबतचं टिपण मराठीतही घ्या आणि त्यात तेच पॅकेज का निवडलं हे लिहिणं सक्तीचं करा. तपासायला निवृत्त डिस्टिलरी मॅनेजर बोलवा. त्यांना सिम्युलेटर येत नसेल, पण वॉश कॉलम कधी चोक होतो हे त्यांना नेमकं ठाऊक असतं, आणि ते कुठल्याच सॉफ्टवेअरच्या मदतपानावर नाही.

आणि एक कार्यशाळा नांदेडला किंवा परभणीला घ्या, ऐन गळीत हंगामात. सकाळी फ्लोशीट काढायची, दुपारी कारखान्यात जाऊन आकडे ताडून बघायचे. डिसेंबर-जानेवारीतली कुठलीही तारीख कळवा, पोरं येतील.

कळावे,
चुडाव्याचा एक केमिकल इंजिनिअर