करारात १० बाय १० ची एक खोली मागून घ्या

कसब्यात सध्या दोन गल्ल्या ओलांडल्या की एका तरी वाड्यावर बिल्डरचा बोर्ड दिसतो. सप्टेंबर २०२४ मध्ये फडके हौदापाशी मेट्रो थांबायला लागल्यापासून तर ही चर्चा घराघरात आहे. वाड्यात भाडेकरूंच्या मीटिंगा होतात. तिथे प्रश्न तीनच असतात : किती स्क्वेअर फूट मिळणार, पार्किंग मिळणार का, आणि इमारत उभी राहीपर्यंत बाहेरचं भाडं कोण भरणार. तिन्ही प्रश्न रास्त आहेत. अशा बऱ्याच मीटिंगांना मी बातमीच्या निमित्ताने बसलोय. पण चौथा एक प्रश्न कुणी विचारलेला मी अजून ऐकला नाही. नव्या इमारतीत पाना-पकड घेऊन बसायचं कुठे?

हसू नका, मी गंभीरपणे विचारतोय.

वाड्यात या कामाला जागा होती. मुद्दाम कुणी ठेवली नव्हती, पण होती. जिन्याखाली, ओसरीवर, चौकात हौदाशेजारी. रविवारी सकाळी सायकल उलटी करून ठेवायची, चेन काढून रॉकेलच्या ताटलीत बुडवायची, घमेल्यात पाणी घेऊन ट्यूबचे बुडबुडे शोधायचे. पुणं सायकलींचं शहर होतं म्हणतात, ते काय फक्त सायकली चालवून झालं का? घरोघरी सायकल खोलून परत जोडता येत होती म्हणून झालं. पावसाळ्याआधी कौलं परतायची, दाराची खालची फळी कुजली तर तेवढीच बदलायची, बंबाला आणि पितळी पातेल्यांना कल्हई करून घ्यायची. याला कुणी ‘हॉबी’ म्हणत नव्हतं. घरातली पोरं ‘बॅटरी धर, नीट धर’ अशा शिव्या खात खात शिकत होती.

आणि कसबा तर हातकामाचीच पेठ. तांबट आळी, कुंभारवाडा, कागदीपुरा, शिंपी आळी ही नावं कुणा पुढाऱ्याची नाहीत, कामाची आहेत.

बरं, सामान आजही पायी अंतरावर मिळतं. नटबोल्ट, बिजागरी, कानस, रंधा हवा तर बोहरी आळी. वायर, चोक, कंडेन्सर हवा तर तपकीर गल्ली. आणि कंपनीने बनवणं बंद केलेला एखादा पार्ट हवा असेल तर बुधवारी नाहीतर रविवारी जुना बाजार. जुन्या बाजारात मी तासनतास हिंडतो. तिथे अर्धे लोक विकत घ्यायला आलेले नसतातच. हातात एक मोडका गिअर घेऊन ‘याच्यासारखा दुसरा आहे का’ विचारत फिरत असतात. यात बँकेतले साहेब असतात, कॉलेजची पोरं असतात, रिक्षावाले असतात. सामान आहे, हौस आहे, माहीतगार माणसं आहेत. बसायला जागा तेवढी उरलेली नाही.

साधं पंख्याचं उदाहरण घ्या. छताचा पंखा हळू फिरायला लागला की बहुतेक वेळा आतला कंडेन्सर म्हातारा झालेला असतो. अडीच मायक्रोफॅरडचा एक छोटा डबा, शंभराच्या आत मिळतो. आवाज यायला लागला तर बेअरिंग. दोन्ही कामं तासाभराची. पण बेअरिंगसाठी पंखा खाली काढायला घोडा लागतो, धरायला दुसरा माणूस लागतो, आणि तो उघडून ठेवायला चार फूट जमीन लागते, जिथे ग्रीस सांडलं तरी घरात भांडण होणार नाही. वन बीएचकेच्या हॉलमध्ये, जिथे रात्री दोन गाद्या पडतात आणि फरशी नवीकोरी आहे, तिथे हे कोण करणार? मग नवा पंखा ऑनलाइन मागवला जातो आणि जुना भंगारवाल्याकडे किलोवर जातो. ‘हल्लीच्या पिढीला कष्ट नकोत’ असं वर आपणच म्हणतो. पिढीला काय दोष देता, पंखा ठेवायला जमीन तरी द्या.

पार्किंगमध्ये काम काढलं की सेक्रेटरी येतो. गच्चीला कुलूप असतं. घरात ड्रिल लावलं की खालच्या मजल्यावरून काठी वाजते. (दुपारी १ ते ४ मध्ये ड्रिल लावणाऱ्याला पुण्यात माफी नाही, आणि ते बरोबरच आहे.)

वाड्याचं मी उगाच कौतुक करत नाहीये. ज्यांनी मागच्या भिंतीची ओल आणि सामाईक संडास भोगलाय त्यांना वाड्याचं प्रेम शिकवायला मी जाणार नाही. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते आणि तिथे राहणाऱ्यांना झोप लागत नाही, हे मी पाहिलंय. वाडे इतके खिळखिळे का झाले, त्यातही दुरुस्तीचाच प्रश्न आहे. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम १४ सांगतं की जागा नीट राखणं ही घरमालकाची जबाबदारी. त्याने नाही केलं तर भाडेकरूने किमान १५ दिवसांची नोटीस द्यावी, त्यानंतरही योग्य वेळेत काम झालं नाही तर स्वतः दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून वळता करावा. ऐकायला छान वाटतं. पण पुढची अट वाचा : वळती करायची रक्कम त्या वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नको. आता महिना १०० रुपये भाडं असेल तर वर्षाचे झाले १२००, त्याचा चौथा हिस्सा ३००. तीनशे रुपयांत आज सिमेंटची एक गोणीसुद्धा घरी येत नाही. मालकाच्या बाजूने बघा, त्याला त्याच शंभर रुपयांत शंभर वर्षांचं छप्पर सांभाळायचंय. म्हणजे दोघांनाही हात बांधून बसवलं आणि तुळई मात्र कुजत राहिली. त्यातूनही ज्यांनी पदरचे पैसे घालून, सुट्टीच्या दिवशी स्वतः शिडीवर चढून पत्रे बसवले, कौलं बदलली, त्यांच्यामुळे कितीतरी वाडे अजून उभे आहेत. त्याची नोंद कुठल्याच कागदावर नाही.

आता हीच माणसं फ्लॅटमध्ये जाणार. तिथे पाइप भिंतीच्या आत, वायरी भिंतीच्या आत. वाड्यातला नळाचा पाइप भिंतीवरून उघडा जायचा. दिसायला वाईट, पण गळती कुठे आहे ते लहान पोरगंही दाखवायचं. फ्लॅटमध्ये खालच्या घराच्या छताला डाग पडतो आणि मग अंदाजाने टाइल्स फोडणं सुरू होतं. कारण पाइप कुठून गेलाय ते कुणालाच माहीत नसतं. प्लंबर गावी गेला, सुपरवायझरने नोकरी बदलली. म्हणून माझी पहिली मागणी अगदी फुकटातली आहे. टाइल्स आणि प्लास्टर चढण्याआधी प्रत्येक फ्लॅटच्या प्रत्येक भिंतीचे फोटो काढून द्या, शेजारी टेप धरून. मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आहे. आणि पाणी व विजेच्या लाइनीचा नकाशा ताब्याच्या कागदांसोबत द्या, असं करारात लिहून घ्या. दहा वर्षांनी भिंतीला खिळा मारताना बिल्डरचे नाही पण त्या फोटोंचे आभार मानाल.

दुसरी मागणी शीर्षकातली. तळमजल्यावर, सोसायटीच्या ऑफिसला लागून, १० बाय १० ची एक खोली. एक भक्कम टेबल, त्याला बसवलेला वाईस, चांगला उजेड, अर्थिंग असलेले दोन सॉकेट आणि एक कपाट. कपाटात एक ड्रिल, घोडा, पाइप रेंच, पान्यांचा सेट, करवत, मल्टीमीटर, सोल्डरिंगचं सामान. १६ फ्लॅटची इमारत धरली तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वासहा चौरस फूट येतात. एक स्कूटर उभी करायला यापेक्षा जास्त जागा लागते. आणि आज त्या १६ घरांपैकी निदान पाच-सहा घरांत ड्रिल मशीन असणार, जे वर्षातून दोनदा बाहेर निघतं. १८४८ पासून ज्या शहरात नगर वाचन मंदिर आहे त्या शहराला पुस्तक आलटून-पालटून वाचायचं कळतं. मग ड्रिलनेच काय घोडं मारलंय?

जिथे नवी इमारत होणारच नाहीये तिथे मंडळं आहेत. मंडळांबद्दल लिहिलं की दोन्हीकडून शिव्या पडतात, तरी लिहितो. कसब्यातल्या आणि आजूबाजूच्या पेठांतल्या पोरांनी मेकॅनिकल इंजिनिअरिंग कॉलेजात जाण्याआधी हलत्या देखाव्यात शिकलंय. जुन्या गाडीची वायपरची मोटर का वापरायची? कारण ती बारा व्होल्टवर चालते, सावकाश फिरते आणि जोर भरपूर लावते. राक्षसाचा हात वर-खाली करायचा तर तिला सायकलची चेन आणि दांडा कसा जोडायचा, हे मांडवात रात्री दोन वाजता शिकवलं जातं. वेल्डिंग, वायरिंग, सुतारकाम सगळं येतं तिथे. दहा दिवस. अकराव्या दिवशी ते सगळं सामान कुलपात जातं आणि वर्षभर त्या खोलीत कॅरम चालतो. त्यातल्या दोन मंडळांनी जरी महिन्यातला एक रविवार धरला आणि ‘आणा तुमचं बंद पडलेलं, बसून बघू’ म्हटलं, तरी लोक रांग लावतील. जगात हे नवं नाही. ॲमस्टरडॅममध्ये मार्टिना पोस्टमा नावाच्या बाईंनी २००९ मध्ये असा पहिला ‘रिपेअर कॅफे’ भरवला, त्या बाईही पत्रकारच. बेंगळुरूत २०१५ पासून तसे मेळावे भरतात. आणि आपल्याच जिल्ह्यात पाबळला विज्ञान आश्रमात डॉ. श्रीनाथ कलबाग १९८३ पासून गावातल्या पोरांना हाताने करून शिकवत होते. अमेरिकेतल्या एमआयटीने फॅब लॅब काढायला सुरुवात केली तेव्हा आपल्या देशाबाहेरची पहिली लॅब २००२ मध्ये पाबळलाच सुरू झाली. शिरूर तालुक्यातल्या गावाला जमतं ते कसब्याला जमू नये?

शिकवणारे कुठून आणायचे? महापालिकेच्या कुठल्याही विरंगुळा केंद्रात सकाळी जाऊन या. टेल्कोत, बजाजमध्ये, खडकीच्या दारूगोळा कारखान्यात तीस-तीस वर्षं काढलेले फिटर, टर्नर, वाइंडर तिथे पेपर वाचत बसलेले असतात. नुसत्या आवाजावरून मिक्सरचा कार्बन गेलाय की खालचा कपलर गेलाय ते सांगणारी माणसं. त्यांना कुणी विचारत नाही. अजून दहा वर्षांनी विचारायला ती नसतील.

बायकांचंही इथेच सांगायला हवं. दुरुस्तीचा विषय निघाला की पुरुषच बोलायला लागतात. पण कुकरची रिंग, गॅसच्या बर्नरची भोकं, शिलाई मशीनचं तेलपाणी आणि टेन्शन, मिक्सरच्या भांड्याचं पातं, हे वर्षानुवर्षं कोण बघतंय? त्या खोलीची एक किल्ली बाईकडेच असावी, असं माझं मत आहे. हिशेबही नीट राहील.

यावर मला दोन आक्षेप हमखास ऐकू येतात. पहिला, कोपऱ्यावरच्या मेकॅनिकच्या पोटावर पाय येईल. मला उलट वाटतं. स्वतः पंखा उघडणारा माणूस पार्ट घ्यायला तपकीर गल्लीतच जातो, वाइंडिंग जळलं असेल तर वाइंडिंगवाल्याकडेच जातो, आणि त्याच्या कामाची किंमत कळल्यामुळे घासाघीस कमी करतो. मेकॅनिकचं पोट मारतोय तो ‘एक्स्चेंज ऑफर’वाला.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा, आणि तो खरा आहे. जुन्या वाड्यांच्या वायरिंगला कित्येकदा अर्थिंगच नसतं, तिथे हौशी माणसाने मेन बोर्डात हात घालू नये. मायक्रोवेव्ह घरी उघडू नये, त्याचा कंडेन्सर बंद केल्यावरही जीवघेणा झटका देऊ शकतो. गॅसच्या लाइनीला तर हातच लावू नये. पंख्याचा कंडेन्सर बदलतानाही नुसतं बटण बंद करून भागत नाही, मेन स्विच पाडायचा. हे सगळं भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहा. पण पोरं आत्ताही यूट्यूब बघून एकटी, बेडरूममध्ये, दार लावून हेच करतायत. चार जाणत्यांसमोर केलं तर जास्त सुरक्षित नाही का?

सरकारही तोंडाने आपल्याच बाजूला आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीचा हक्क’ यावर समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरात पोर्टलही काढलं. मोबाइल आणि घरातल्या उपकरणांना ‘किती दुरुस्त करता येतं’ याचे गुण द्यावेत, असा अहवाल मे २०२५ मध्ये आला. फ्रान्समध्ये असे गुण जानेवारी २०२१ पासून काही वस्तूंवर छापावेच लागतात. उत्तम. पण हक्क मिळाला तरी स्क्रू काढून ठेवायला टेबल हवंच, ते दिल्लीहून येणार नाही.

तर ज्यांच्या वाड्याचा करार अजून सहीला यायचाय त्यांनी एवढं करा. सोसायटी ऑफिसच्या ओळीखाली एक ओळ वाढवा : ‘तळमजल्यावर १०० चौरस फुटांची सामाईक दुरुस्ती खोली, वीज जोडणीसह, जी कुठल्याही कारणाने विकता वा भाड्याने देता येणार नाही.’ शेवटचे शब्द विसरू नका, नाहीतर वर्षभरात तिथे झेरॉक्सचं दुकान निघेल. वकिलाला दाखवूनच सही करा. आणि मंडळवाल्यांपैकी कुणी एक रविवार द्यायला तयार असेल तर खाली कळवा. माझ्याकडे एक बंद टेबल फॅन आहे, तोच पहिला घेऊन येतो.