समजून घ्या : सीपीआरचं सर्टिफिकेट आहे, सराव कुठे आहे?

पाचगणीहून वाई जेमतेम १२-१३ किलोमीटर. पण मध्ये पसरणी घाट आहे. सुट्टीच्या दिवशी घाटात कोंडी झाली, की हे अंतर कापायला किती वेळ लागेल, ते कुणीच सांगू शकत नाही. हृदय अचानक बंद पडलेल्या माणसाकडे मात्र मोजकीच मिनिटं असतात. सीपीआर मिळाला नाही, तर दर मिनिटाला वाचण्याची शक्यता साधारण ७ ते १० टक्क्यांनी घटते.

म्हणून सीपीआर सर्वांना यावा, असं आपण म्हणतो. डॉक्टरांना तर तो येतच असणार, असं गृहीत धरतो. प्रश्न तिथेच आहे.

निवासी डॉक्टरच का?

एमबीबीएसनंतर एमडी किंवा एमएस करणारे हे डॉक्टर. मिरज असो वा कराड, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात रात्री दोन वाजता रुग्णाचं हृदय थांबलं, तर खाटेजवळ सर्वांत आधी बहुतेकदा तेच पोहोचतात. वरिष्ठ येईपर्यंतची मिनिटं त्यांच्या हातात असतात.

नियम काय सांगतो?

पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षणाच्या २०२३च्या नियमांनुसार प्रत्येक विद्यार्थ्याला जीवरक्षणाचे बीसीएलएस आणि एसीएलएस हे अभ्यासक्रम करणं बंधनकारक आहे. शिवाय तीन महिने जिल्हा रुग्णालयात सेवा द्यावी लागते.

मग अडचण कुठे?

छाती दाबायची, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पण किमान ५ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा, प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ देत आणि १० सेकंदांपेक्षा जास्त न थांबता दाबायची, हे वाचून येत नाही. दाबणारा दमतो, म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलावा लागतो. त्याच वेळी शॉक कुणी द्यायचा, अ‍ॅड्रेनालिन कुणी द्यायचं, वेळ कुणी मोजायची, हेही ठरलेलं लागतं. हे सगळं हातांच्या सवयीचं काम आहे.

आणि सवय मोडते. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं प्रमाणपत्र दोन वर्षं चालतं, पण सराव नसेल तर कौशल्य काही महिन्यांतच उतरू लागतं. कागदाची मुदत आणि हातांची मुदत एक नाही.

काय करता येईल?

यासाठी मोठा खर्च नको. सरावाचा पुतळा स्किल लॅबच्या कुलपात न ठेवता अपघात विभागात ठेवा. दर महिन्याला दहा मिनिटांचा सराव ड्युटीच्या वेळेतच धरा. ड्युटी संपवून थकलेल्या डॉक्टरकडून तो मागू नका. जिल्हा रुग्णालयात रुजू होणाऱ्या निवासी डॉक्टरांची पहिल्याच आठवड्यात परिचारिकांसह रंगीत तालीम घ्या. वाई, महाबळेश्वरच्या ग्रामीण रुग्णालयांतील कर्मचाऱ्यांनाही त्यात बोलवा. घाटाच्या दोन्ही टोकांना रुग्ण आधी त्यांच्याच हाती येतो.

किती जणांना प्रमाणपत्र दिलं, हा आकडा सहज मिळतो. गेल्या तीन महिन्यांत किती जणांनी पुतळ्यावर हात चालवला, हे रुग्णालयांनी आता मोजायला हवं.

तुमच्यासमोर कुणी कोसळलं तर?

हाक मारा, खांदे हलवा. प्रतिसाद नाही आणि श्वास नीट चालत नाही, तर १०८ला फोन लावा, स्पीकर सुरू ठेवा आणि छातीच्या मधोमध जोरात, जलद दाबायला लागा. मदत येईपर्यंत थांबू नका.