न मोजलेल्या मतपत्रिका

अमेरिकेतील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉल संघाचा २०१३ सालचा हंगाम क्रीडावृत्ताच्या दृष्टीने विसरण्याजोगाच म्हणावा लागेल. पहिले चार सामने जिंकल्यावर ओहायो स्टेटकडून ४०-३० असा पराभव झाला आणि तेथून ओळीने सात सामने गेले. अखेरीस इलिनॉयला ३७-३४ असे हरवून पाच विजय व सात पराभव अशी बेरीज झाली. परंतु कामगार चळवळीच्या इतिहासात या हरलेल्या संघाला जे स्थान आहे, ते त्या वर्षीच्या विजेत्यांना नाही.

त्या हंगामात, २१ सप्टेंबर रोजी, संघाचा क्वार्टरबॅक केन कोल्टर मनगटपट्टीवर ‘एपीयू’ म्हणजे ‘सर्व खेळाडू एक’ ही अक्षरे लिहून मैदानात उतरला. जानेवारी २०१४ मध्ये पोलाद कामगारांच्या संघटनेच्या पाठिंब्याने या खेळाडूंनी राष्ट्रीय श्रमसंबंध मंडळाकडे युनियनच्या मान्यतेसाठी अर्ज केला. हा फुटबॉल आपल्याकडचा नव्हे. शिरस्त्राण घालून अंगावर अंग आदळण्याचा तो खेळ आहे, आणि डोक्याला मार बसणे हे त्यात नित्याचे. म्हणूनच पगाराआधी त्यांनी मागितले ते दुखापतींवरील उपचारांचे संरक्षण आणि शिष्यवृत्तीची शाश्वती.

मंडळाच्या शिकागो येथील विभागीय संचालकांनी २६ मार्च २०१४ रोजी खेळाडूंच्या बाजूने निर्णय दिला. त्यातील आकडे बोलके आहेत. हंगामात आठवड्याला ४० ते ५० तास आणि ऑगस्टच्या शिबिरात ५० ते ६० तास काम. २००३ ते २०१२ या काळात फुटबॉलपासून विद्यापीठाला सुमारे २३ कोटी ५० लाख डॉलर मिळाले, खर्च सुमारे १५ कोटी ९० लाख झाला. वैद्यकीय शिक्षणाची इच्छा असलेल्या कोल्टरला आवश्यक तो रसायनशास्त्राचा वर्ग सरावाच्या वेळेशी जुळेना म्हणून सोडावा लागला. ज्याच्या शिक्षणाचे निमित्त पुढे करून मजुरी नाकारायची, त्याचे शिक्षणच मजुरीपायी मागे पडावे, यातला विरोधाभास स्पष्ट आहे.

‘विद्यार्थी-खेळाडू’ हा शब्द सहज रूढ झालेला नाही. १९५५ मध्ये कोलोराडोतील फोर्ट लुईस महाविद्यालयाचा एक खेळाडू सामन्यात डोक्याला मार लागून दगावला. त्याच्या विधवेने मागितलेली कामगार भरपाई राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये नाकारली. महाविद्यालयीन क्रीडा संघटनेचे तत्कालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनीच पुढे आपल्या पुस्तकात कबूल केले की, अशा दाव्यांच्या धास्तीतून हा शब्द घडवला गेला. अपंग झालेल्याला कामगार म्हणावे लागू नये, एवढाच त्याचा हेतू.

विरोधक म्हणतात, वर्षाला सुमारे ६१ हजार डॉलरची शिष्यवृत्ती मिळत असता आणखी काय हवे? प्रश्न चुकीचा आहे. वर्षाच्या बोलीवर धान्य आणि कपडा घेणारा सालगडी मजूर नसतो काय? मोबदला वस्तुरूपाने दिला तरी तो मोबदलाच. दुसरा आक्षेप असा की, फुटबॉलच्या पैशावर पोहणे, कुस्ती आदी खेळ चालतात. ते चालावेतच. पण त्याचा भार विद्यापीठाने उचलायचा, की गुडघे आणि मेंदू पणाला लावणाऱ्या विशीतल्या मुलांनी?

२५ एप्रिल २०१४ रोजी मतदान झाले. विद्यापीठाने अपील केल्यामुळे मतपत्रिका सीलबंद करण्यात आल्या. १७ ऑगस्ट २०१५ रोजी मंडळाने एकमताने आपला अधिकार वापरण्यासच नकार दिला. बहुसंख्य प्रतिस्पर्धी संघ सरकारी विद्यापीठांचे, ते मंडळाच्या कक्षेबाहेर. म्हणून एकाच संघाला मान्यता दिल्यास श्रमसंबंधांत स्थैर्य येणार नाही, असा हा युक्तिवाद. खेळाडू कामगार आहेत की नाहीत, यावर मंडळाने निकाल दिलाच नाही. त्या मतपत्रिका कधीच मोजल्या गेल्या नाहीत.

आता सांगितले जाते की प्रश्न मिटला. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाच्या व्यापारी वापराचे पैसे घेता येतात. ६ जून २०२५ रोजी न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठे त्यांना थेट पैसेही देऊ शकतात. २०२५-२६ साठी मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. काही खेळाडू श्रीमंत होतील, हे खरे. परंतु ही मर्यादा प्रमुख विद्यापीठांच्या ठरावीक उत्पन्नाच्या सुमारे २२ टक्के आहे. युनियन असलेल्या व्यावसायिक फुटबॉलपटूंनी २०२० च्या करारात किमान ४८ टक्के वाटा मिळवला. उत्पन्नाच्या व्याख्या वेगळ्या असल्या तरी एवढा फरक केवळ व्याख्येचा नव्हे. श्रमाचे खरेदीदार एकत्र बसून भाव ठरवतात आणि विकणारा एकटा असतो, तेव्हा भाव कुठे ठरतो हे अर्थशास्त्राचा पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. शिवाय २०२५ मध्ये प्रतिनिधिगृहात मांडलेल्या ‘स्कोअर’ विधेयकात खेळाडूंना कर्मचारी मानू नये अशी तरतूद घातली गेली. पैसा देण्यास मालक एक वेळ तयार होतो. वाटाघाटीच्या टेबलावर समोर बसू देण्यास तयार होत नाही.

आपल्या कार्यकर्त्यांना ही कथा परकी वाटू नये. आपल्याकडे अंगणवाडी ताईंना वेतनाऐवजी ‘मानधन’ मिळते, आशाताई ‘स्वयंसेविका’ ठरतात, शिक्षक ‘शिक्षणसेवक’ होतो आणि दुचाकीवर जेवण पोहोचवणारा मुलगा कंपनीचा ‘भागीदार’. अंगणवाडी ताईंना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाकडून वदवून घ्यायला २०२२ साल उजाडावे लागले. मानाचा शब्द देऊन हक्क काढून घेण्याची ही रीत सर्वत्र एकच आहे.

म्हणून मानधनात चार पैशांची वाढ झाली की लढा संपला असे समजणाऱ्यांनी नॉर्थवेस्टर्नकडे पाहावे. मालकाच्या मर्जीने मिळालेली वाढ मालकाच्या मर्जीने थांबतेही. संघटनेची मान्यता, सामुदायिक करार आणि कामगार हा दर्जा, या तीन मागण्या आपल्या प्रत्येक निवेदनात रकमेच्या आकड्याच्या वर लिहिल्या गेल्या पाहिजेत.