पैसे देऊन येणारा पाहुणा



मेहकर, लोणार, सिंदखेड राजा या भागातल्या वाचकांकडून अलीकडे एकच प्रश्न निरनिराळ्या तऱ्हेने येतो. गावाबाहेर मोटार थांबते, दोघे-तिघे उतरतात, बांधावर उभे राहून लांबवर पाहतात आणि विचारतात, "ती टेकडीआडची पाच एकर कोणाची हो?" सडकेला लागून असलेली नको, आतलीच हवी. ज्या तुकड्याला आजवर कोणी गिऱ्हाईक फिरकले नाही, तोच आता मागतात. कशाला, तर शहरातल्या पैसेवाल्यांना सुटीत राहण्यासाठी एकांतातले हॉटेल काढायचे आहे. द्यावी की न द्यावी?

आधी हा धंदा आहे तरी काय ते पाहू. आपल्या भागात तो आत्ताच का आला, याचे कारण सोपे आहे. समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा 11 डिसेंबर 2022 रोजी सुरू झाला आणि जून 2025 मध्ये संपूर्ण 701 किलोमीटरचा रस्ता खुला झाला. नागपूरचा किंवा संभाजीनगरचा माणूस सकाळी निघून दुपारच्या जेवणाला मेहकरला पोचू शकतो. शिवाय पाहावयास लोणार आहे, सिंदखेडला जिजाऊसाहेबांचे जन्मस्थान आहे, शेगाव तर आहेच.

या तऱ्हेचे एक हॉटेल विदर्भातच आहे, यवतमाळ जिल्ह्यात, टिपेश्वर अभयारण्याच्या कडेला. 'टिपाई' त्याचे नाव. टिपेश्वरशी आपले एक नाते आहे बरे का. तिथून निघालेला एक वाघ तेराशे किलोमीटरहून अधिक चालत 2019 च्या डिसेंबरात आपल्या ज्ञानगंगा अभयारण्यात येऊन ठेपला होता. तर या टिपाईच्या भिंती कशाच्या, ठाऊक आहे? मातीच्या! साच्यात माती घालून, कुटून कुटून उभ्या केलेल्या. आपण घरकुलासाठी आजोबांची पांढऱ्या मातीची धाब्याची घरे पाडली, वर पत्रे घातले आणि आता मे महिन्यात त्या पत्र्याखाली भाजून निघतो. मातीच्या भिंतीचा गारवा मात्र तिकडे दाम मोजून मिळतो.

दुसरे उदाहरण पुणे जिल्ह्यातले. दिवे घाट चढून सासवडच्या बाजूला गेले की जाधवगड लागतो. पिलाजीराव जाधवरावांनी 1710 साली बांधलेली ही गढी. आज तिथे हॉटेल आहे आणि लोक गढीत राहायचे म्हणून पैसे देतात. जाधवरावांचे मूळ घराणे आपल्या सिंदखेडचे. लखुजीरावांचा राजवाडा इथे आहे, पण तो संरक्षित स्मारक आहे आणि तसाच राहिला पाहिजे. जिजाऊ जिथे जन्मल्या त्या वाड्यात कोणी खाटा टाकाव्यात, हे आपल्यालाही रुचणार नाही.

आता असे पाहा, या ठिकाणी गिऱ्हाईक विकत काय घेते? रात्रीचा काळोख, ज्यात चांदण्या दिसतात. पहाटेची शांतता. चुलीवरची भाकरी, ठेचा, वांग्याचे भरीत. मोटारीचा आवाज ऐकू येत नाही एवढे अंतर. यातले विकत आणलेले काय आहे? गादी, न्हाणीघर आणि पोहण्याचा हौद. बाकी सारे मूळच्या शिवाराचे. जमीन मागायला आलेला माणूस हे पक्के जाणून असतो, म्हणून तर तो सडकेची जमीन मागत नाही. आपल्याला मात्र तो तुकडा 'पडीक' वाटतो आणि भाव सांगताना आपण आधीच खाली येतो.

म्हणून विकत द्यायची असेल तर माझे मत सरळ आहे: विकू नका. भाडेपट्ट्याने देण्याचा विचार करता येईल, पण डोळे उघडे ठेवून. पट्टा किती वर्षांचा, भाडे दर किती वर्षांनी वाढणार, मुदत संपल्यावर बांधकाम कोणाचे, हे कागदावर हवे. कागद नोंदणीकृत हवा. कुलमुखत्यारपत्रावर सही तर करूच नका, मग समोरचा कितीही गोड बोलो. सातबारावर भावाबहिणींची नावे असतील तर त्यांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका, आणि जमीन भोगवटादार वर्ग 2 ची असेल तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहार होत नाही. लोणारच्या सरोवराजवळच्या वाचकांनी आणखी सावध असावे. सरोवराचा परिसर 2000 सालापासून अभयारण्य आहे, 2020 साली त्याचे नाव रामसरच्या यादीत गेले. तिथे वाटेल ते बांधता येत नाही. 'परवानगीचे आम्ही पाहून घेऊ' म्हणणाऱ्याचे पुढे काय होते ते तोच जाणे, पण नोटीस सातबारा ज्याच्या नावे आहे त्याच्याही दारी येते.

आणि पाणी! हॉटेलवाल्याची बोअर तुमच्या विहिरीपासून किती अंतरावर, किती खोल, हा पहिला प्रश्न असावा. त्यांचा पोहण्याचा हौद एप्रिलात भरलेला राहतो तेव्हा शेजारच्या विहिरीत खडक दिसत असतो. ज्या जिल्ह्यात उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, तिथे हे एका घराचे प्रकरण राहत नाही, सबंध गावाचे होते. ग्रामसभेत बोला.

मग म्हणाल, आपणच का करू नये? करता येईल. बारामतीकडे पांडुरंग तावरे यांनी 2005 साली कृषी पर्यटनाच्या कामाला संस्थेचे रूप दिले. पळशीवाडीच्या शेतावर शहरी पाहुणे येऊन राहू लागले, आणि त्यांचे पाहून राज्यात पुष्कळ शेतकऱ्यांनी हा जोडधंदा धरला. राज्य सरकारचे कृषी पर्यटन धोरणही 2020 साली आले आणि पर्यटन संचालनालयाकडे रीतसर नोंदणी होते. पण बारामती पुण्यामुंबईच्या हाकेवर आहे. आपण हिशेब आपला करावा.

समजा, दोन खोल्या. खोलीत दोन माणसे, जेवणखाण धरून माणशी रात्रीचे हजार रुपये. चैत्र-वैशाखात आपल्याकडे कोणी येत नाही, पेरणीच्या घाईत आपल्याला वेळ नाही. हिवाळ्याचे बारा शनिवार आणि श्रावण-भाद्रपदाचे आठ, असे वीस धरू. त्यातले निम्मे रिकामे जातील. दहा रात्री, चार माणसे: चाळीस हजार रुपये. त्यात किराणा, धुणे, वीज, मदतीला बाई यात निम्मे गेले की हातात वीस हजार. सोयाबीनला भाव नसलेल्या वर्षी वीस हजार थोडे नाहीत. पण याच दोन खोल्यांसाठी बँकेतून पाच लाख काढले आणि शेकडा बारा व्याज धरले, तर वर्षाचे व्याजच साठ हजार! म्हणून कर्ज काढून बांधू नका. वाड्यातली रिकामी खोली असेल, मळ्यातले कोठीघर असेल, तिथूनच आरंभ करा. चुन्याचा हात द्या, जमीन सारवा, नव्या गाद्या भरून घ्या. त्याने भागत नसेल तर हा धंदा आपला नाही असे समजा.

एका गोष्टीत मात्र काटकसर नको. संडास आणि न्हाणी. शेगावच्या संस्थानात लाखो माणसे येतात, साध्या खोलीत उतरतात, साधे जेवतात, आणि गावी जाऊन काय सांगतात? "काय ती स्वच्छता!" भपका नसूनही नाव होते ते असे. आपल्या जिल्ह्याला हे शिकायला दूर जावे लागत नाही.

आता घरातल्या भगिनींशी बोलतो. पुरुष मंडळींनी हा परिच्छेद मोठ्याने वाचून दाखवावा. पाहुणे येणार ही कल्पना बहुधा ओसरीवर निघते आणि काम चुलीपाशी जाते. चार माणसांचा चहा, न्याहारी, दोन वेळचे जेवण, वर 'चुलीवरचीच भाकरी हवी' हा हट्ट. धूर कोणाच्या डोळ्यांत जातो? शेतातले निंदण-वेचणीचे काम संपवून आलेली बाई ही पाहुण्यांची उस्तवार फुकट करणार असेल, तर तो धंदा नव्हे, वेठ आहे. म्हणून आधी घरात ठरवा: दर पाहुण्यामागे स्वयंपाकाचे इतके रुपये तिचे, आणि ते तिच्या खात्यात. बचत गटाच्या चार जणींनी पाळीपाळीने रांधले तर आणखी चांगले. आणि घरच्या बाईने "मला नको" म्हटले, तर विषय तिथे संपला. तिला समजावायला शेजारी आणू नका.

दारूचेही आधीच सांगून टाकावे. शहरातून चार मित्र 'निवांत बसायला' म्हणून येतात, ते कशासाठी हे न सांगता कळते. घरात मुलीबाळी असताना हे खपवून घेऊ नये. फोनवरच स्पष्ट सांगा. त्यामुळे काही गिऱ्हाईक जाईल, जाऊ द्या. लेकराबाळांसह येणारे कुटुंब मिळाले की ते दुसऱ्या कुटुंबाला पाठवते. देऊळगाव राजाकडच्या बीजोत्पादकांना आणखी एक सूचना: शेडनेटमध्ये पाहुण्यांच्या पोरांना मोकळे सोडू नका. बाहेरून दाखवा, परागीकरण कसे करतात ते सांगा. त्यांना तेवढ्यानेही नवल वाटते.

यंदा करून पाहायचेच असेल, तर हुरड्यापासून सुरुवात करा. पण हुरड्याला ज्वारी लागते, आणि आपल्या शिवारातून ती सोयाबीनने केव्हाच हुसकावली. हुरडा विकत आणून पाहुण्याला घालणे हे शोभत नाही. घराजवळच्या, राखण करता येईल अशा पाच-दहा गुंठ्यांत सप्टेंबरच्या उत्तरार्धात ज्वारी टाका. गूळभेंडीसारखे गोड वाण शोधा. हुरड्यासाठीच्या वाणांची माहिती अकोल्याच्या कृषी विद्यापीठात मिळेल. एकदम सगळी पेरू नका, आठ-आठ दिवसांच्या अंतराने तीन तुकडे करा, म्हणजे कणसे एकाच वेळी निबर होणार नाहीत आणि डिसेंबरच्या अखेरीपासून जानेवारीभर कोवळा दाणा मिळेल. पाखरांसाठी गोफण आणि डुकरांसाठी राखण, दोन्ही लागेल. आगटीसाठी गोवऱ्या श्रावण उलटला की थापायला घ्या. पावसात त्या वाळत नाहीत आणि ओली गोवरी धुराशिवाय दुसरे काही देत नाही.