पर्यावरणाचे पदव्युत्तर शिक्षण कोणासाठी?

इंदुरीच्या कुंडमळ्यात इंद्रायणीने खडक कोरून रांजणखळगे घडविले आहेत; तीच नदी पुढे आळंदीस पोहोचते तेव्हा तिच्यावर वारंवार पांढरा फेस तरंगत असतो. अंतर एका दिवसाच्या चालीचे. पर्यावरण-जीवशास्त्राच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यास याहून चांगली प्रयोगशाळा कोणती मिळणार?

स्वच्छ, वाहत्या पाण्यातला दगड उलटला की त्याच्या तळाला मेफ्लाय कीटकाच्या अळ्या चिकटलेल्या आढळतात. मैला साचून पाण्यातील प्राणवायू घटला की त्या नाहीशा होतात आणि गाळात तांबडे रक्तकिडे माजतात. ही कसोटी जवळजवळ फुकटची आहे. तिच्या जोडीस आता लिटर-दोन लिटर पाण्यातील डीएनएवरून माशांच्या जाती ओळखण्याचे तंत्र आले आहे. ते शिकू नये असे कोणी शहाणा म्हणणार नाही. मात्र पहिल्या पावसात वलगणीचे मासे कोणत्या ओढ्याने चढत, आणि ते केव्हापासून चढेनासे झाले, हे यंत्र सांगत नाही. जाळे टाकणारा सांगतो. त्याच्यापाशी बसून टिपण कसे करावे, हे अभ्यासक्रमात कितीसे असते?

परंतु मूळ प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. शिकून बाहेर पडलेल्या या तरुणास वेतन कोण देतो? २००६ च्या अधिसूचनेनुसार प्रकल्पाचा पर्यावरणीय परिणाम-अहवाल स्वतः प्रकल्पवालाच सल्लागार नेमून, त्यास पैसे देऊन तयार करवून घेतो. ज्याचा माल तोलायचा, त्याच्याच हातून तोलणाऱ्याची मजुरी! शिवाय अहवाल इंग्रजीत. गावाच्या भाषेत सक्ती आहे ती केवळ सारांशाची. पाण्याचा प्रश्न निव्वळ रसायनाचा नसतो, हे मावळास कोणी शिकवावयास नको. पवनेच्या बंद जलवाहिनीस विरोध करताना ९ ऑगस्ट २०११ रोजी येथील तीन शेतकरी पोलिसांच्या गोळीबारात बळी पडले.

पुण्यातील संशोधकांनी इंद्रायणीच्या माशांची नोंद २०१२ मध्ये प्रसिद्ध केली, तीही इंग्रजीतच. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगावी लोकांची नोंदवही करावयाची आहे. माधव गाडगीळ यांनी ती लोकांसह करण्याचा आग्रह धरला होता. कित्येक गावांत ती मुदत गाठण्यापुरती बाहेरच्यांकडून भरून घेण्यात आली.

तेव्हा विद्यापीठांनी प्रत्येक प्रबंधाचे एक प्रकरण मराठीत लिहवून घ्यावे आणि ते त्या गावच्या ग्रामसभेत वाचावयास लावावे. त्या कामाचे विद्यावेतन सरकारी तिजोरीतून यावे, कारखानदाराच्या देणगीतून नव्हे. आणि इंदुरीच्या एखाद्या शेतकऱ्याने विहिरीच्या पाण्याविषयी विचारलेल्या प्रश्नास विद्यार्थ्याला उत्तर देता आले नाही, तर तोंडी परीक्षेचे गुण तेथेच कापावेत.